अक्कल गुडघ्यात असते तेव्हा

घरात कुणाचे हाड मोडले तर काय करायचे, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. एक्स-रे काढायचा, प्लॅस्टर घालायचे, सहा आठवडे मोजायचे आणि भेटीला येणाऱ्यांना चहा करायचा. मोडलेले हाड फोटोत दिसते, त्यामुळे ते सगळ्यांना पटते. लिगामेंटचे तसे नाही. ते एक्स-रेत दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, दुखणे कमी होते, माणूस चालू-फिरू लागतो. आणि अशा वेळी डॉक्टरांनी 'शस्त्रक्रिया' हा शब्द उच्चारला, की घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. चालतेय की चांगली! मग चिरफाड कशाला?

आमच्या घरी हा प्रश्न जानेवारी २०२४ मध्ये आला आणि चांगला वर्षभर मुक्कामाला राहिला. आम्ही मूळचे सोलापूरचे, पण गेली बावीस वर्षे बंगळुरूत, मल्लेश्वरमला राहतो. लेक तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला जायची. एका सामन्यात चढाई करून मागे फिरताना तिचे डावे पाऊल मॅटवर रुतल्यासारखे राहिले आणि अंग तेवढे वळले. तिला कुणी पकडलेही नव्हते. गुडघ्यात 'टक्' असा आवाज झाला, तो तिला स्वतःला ऐकू आला. घरी येईपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता.

पुढे कळले, की ही अगदी ठरावीक कहाणी आहे. हे लिगामेंट बहुतेक वेळा कुणाचा धक्का लागून तुटत नाही. पळता पळता एकदम थांबताना, दिशा बदलताना किंवा उडी मारून खाली उतरताना ते तुटते. त्या वेळी आवाज येतो आणि आत रक्तस्राव झाल्यामुळे काही तासांतच गुडघा टम्म फुगतो. अशा वळणा-उड्यांच्या खेळांत मुलींना हा धोका मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो.

एमआरआयच्या कागदावर तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या: एसीएल पूर्ण तुटलेले, आतल्या बाजूचे लिगामेंट थोडे फाटलेले आणि गादीला बारीक चीर. हा कागद आम्ही इतक्या वेळा वाचला, की त्याच्या घड्या फाटल्या. पण त्याचा अर्थ समजायला वेळ लागला.

तो अर्थ साध्या भाषेत असा. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. त्यांना जागेवर धरून ठेवतात ते चिवट पट्टे म्हणजे लिगामेंट. मराठीत त्यांना अस्थिबंध म्हणतात. गुडघ्यात असे चार मुख्य पट्टे आहेत. दोन बाजूंना दोन, आणि आत मधोमध एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन. त्या फुलीतला पुढचा पट्टा म्हणजे एसीएल. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. पण नडगी पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघा सांभाळणे, ही दोन मोठी कामे त्याच्याकडे आहेत. दोन्ही हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. हाडावर हाड घासू नये म्हणून त्या फार मोलाच्या.

सल्ले तर दारातूनच यायला लागले. सासूबाईंनी तेल कोमट करून ठेवले. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "आधी पुत्तूर कट्टु बांधून आणा, हॉस्पिटल कुठे पळून जातंय?" आंध्रातल्या पुत्तूर गावचे हाडवैद्य सगळ्या दक्षिणेत प्रसिद्ध आहेत. पाल्याचा लेप आणि बांबूच्या कामट्या लावून ते पट्टी बांधतात. बंगळुरूतही त्यांच्या नावाच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात. अक्कांच्या वडिलांचा हात तिथेच जुळला होता, त्यामुळे त्यांचा विश्वास खरा होता. तिसरा सल्ला सोलापूरहून, थोरल्या भाऊजींचा. त्यांचे वय बावन्न. चार वर्षांपूर्वी स्कूटर घसरून त्यांचेही हेच लिगामेंट तुटले होते. त्यांनी शस्त्रक्रिया केली नाही. आज ते रोज सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारतात, दुकान सांभाळतात, जिने चढतात. ते फोनवर म्हणाले, "मला बघ, काही अडलंय का माझं?"

याच्या अगदी उलट, पहिल्या डॉक्टरांनी एमआरआय दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "पूर्ण तुटलंय. पुढच्या मंगळवारी करून टाकू." लेकीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

हे आणि मी घाबरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवला. तिला झोपवून दोन्ही गुडघे हाताने तपासले; नडगी पुढे ओढून पाहिली, पाय थोडा वळवून पाहिला. मग आम्हाला नाही, तिला विचारले, "तुला या गुडघ्याकडून काय हवंय?"

ती म्हणाली, "कबड्डी."

"आणि नुसतं चालायला, नोकरीला, बसला चढायला चालणार असेल तर?"

"मग तो माझा गुडघा नाही, डॉक्टर."

मला तेव्हा तिचे उत्तर उद्धट वाटले. डॉक्टरांना मात्र ते उपयोगाचे वाटले. ते म्हणाले, "एमआरआय मला काय तुटलंय ते सांगतो. शस्त्रक्रिया करायची का, ते मला पेशंट सांगतो." मग त्यांनी वही ओढून चित्र काढले आणि आम्हाला अर्धा तास समजावून दिले. त्या अर्ध्या तासाने आमच्या घरातली निम्मी भांडणे मिटवली.

आतल्या बाजूचे लिगामेंट सांध्याच्या बाहेर असते. त्याला रक्तपुरवठा चांगला मिळतो, त्यामुळे पट्टा बांधून, पाय जपून ते बहुधा आपोआप भरून येते. फुलीतले मागचे लिगामेंट एकटेच दुखावले असेल, तर तेही बहुतेक वेळा व्यायामावर निभावते. एसीएलची अडचण निराळी आहे. ते सांध्याच्या आत, वंगणासारख्या द्रवात बुडालेले असते. जखम भरताना दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरावी लागते, तिच्या आधाराने नवे ऊतक तयार होते. इथे ती गुठळी त्या द्रवात धरतच नाही, म्हणून तुटलेली टोके बहुधा जुळत नाहीत. अक्कांच्या वडिलांच्या हाताचे हाड पट्टीने जुळले, पण लेकीच्या गुडघ्यातला पट्टा बाहेरून कितीही आवळला तरी आत पोहोचणार नव्हता. याचे कारण हे होते.

तरीही डॉक्टरांनी मंगळवारची तारीख दिली नाही. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली, तर तो कायमचा आखडण्याची भीती असते. आधी सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे, मांडीचा स्नायू जागा होऊ दे, मग बोलू, असे ते म्हणाले. दहा आठवडे व्यायाम सांगितला. "या दहा आठवड्यांत गुडघाच आपल्याला उत्तर देईल," हे त्यांचे शब्द.

मला हा वेळकाढूपणा वाटला असता, पण यांनी चौकशी केली तेव्हा समजले, की जगभर याच प्रश्नावर अभ्यास झालेले आहेत. स्वीडनमध्ये १२१ तरुण पेशंट घेऊन एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांची लगेच शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे साधारण सारखेच होते. पाच वर्षांपर्यंत दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्या लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्या निम्म्यांना ती लागलीच नाही. पुढे २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ३१६ पेशंटांचा अभ्यास आला. दुखापत जुनी झालेली आणि गुडघा अजूनही दगा देतोय, अशा लोकांना नुसत्या व्यायामापेक्षा शस्त्रक्रियेने अधिक बरे वाटले, असे त्यात दिसले. म्हणजे भाऊजी खोटे बोलत नव्हते आणि डॉक्टरही नाहीत. प्रश्न होता, आमच्या लेकीचा गुडघा कोणत्या निम्म्यात बसतो.

ते नवव्या आठवड्यात कळले. बसमधून उतरताना तिने मागे वळून मैत्रिणीला हाक मारली, आणि गुडघा आतून निसटला. ती फुटपाथवर बसली. आठवडाभराने घरच्या जिन्यात पुन्हा तेच झाले. दुखले फारसे नाही, पण ती रडली. "आई, पाय माझा ऐकत नाही गं," म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितले, की गुडघा असा दर वेळी निसटतो तेव्हा गादी चिरडली जाते. लिगामेंट नवे घालता येते, पण गादी एकदा झिजून गेली की तिची जागा भरून काढणे फार कठीण. वय एकोणीस, खेळ कबड्डी, गादीला आधीच चीर, आणि व्यायाम करूनही पाय दगा देतोय. भाऊजींचा एमआरआय शेजारी ठेवला असता तर दोन्ही कागद सारखेच दिसले असते, पण त्यांचा गुडघा एकदाही निसटला नव्हता आणि त्यांना चढाई करायची नव्हती. एकाच दुखण्याची दोन उत्तरे, आणि दोन्ही बरोबर. आम्ही एप्रिल २०२४ मधली तारीख घेतली.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय करतात, हे आम्ही विचारून घेतले. प्रत्येकाने विचारावे असे मला वाटते. तुटलेली टोके शिवायची, ही पहिली कल्पना आपल्याप्रमाणे शल्यवैद्यांनाही सुचली होती. इंग्लंडमधल्या लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराची लिगामेंट टाक्यांनी शिवली होती. पण नुसते शिवलेले लिगामेंट पुढे बहुतेकांचे सैल पडते, असा अनुभव येत गेला. १९१७ मध्ये ब्रिस्टॉलच्या हे ग्रोव्हज यांनी निराळी वाट काढली. पेशंटच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूची एक पट्टी घेऊन त्यांनी हाडांतल्या बोगद्यांतून ओवली. आजची शस्त्रक्रिया मुळात हीच आहे: जुने शिवणे नाही, नवे ओवणे. दरम्यान जपानमध्ये केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये दुर्बिणीने गुडघ्याच्या आत डोकावून पाहिले, आणि १९८० मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीतून हे लिगामेंट बसवले. त्यामुळे पूर्वीसारखा संपूर्ण गुडघा उघडावा लागत नाही.

शिवण्याची कल्पना अजून पुरती मेलेली नाही. बोस्टनच्या मार्था मरे यांनी दोन टोकांमध्ये रक्त धरून ठेवणारा, स्पंजसारखा तुकडा तयार केला. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात त्याला मान्यता मिळाली. ऑस्ट्रेलियात काही डॉक्टरांनी ताज्या दुखापतीत गुडघा चार आठवडे काटकोनात बांधून ठेवला. २०२३ मध्ये त्यांनी ८० पेशंटांचा अनुभव प्रसिद्ध केला. तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये दहापैकी नऊ जणांचे लिगामेंट सांधू लागलेले दिसले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. आमच्यासाठी तर ती वेळही टळून गेली होती.

मग प्रश्न आला, दोरी कुठली? काढायची तर स्वतःच्याच शरीरातून. हाच आमच्या घरातला सर्वांत लांबलेला वाद. वाटीखालच्या कंडरेची मधली पट्टी घेतली, तर दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. हाडात हाड लवकर रुजते, म्हणून ही दोरी भक्कम. पण पुढे गुडघे टेकताना तिथे दुखण्याचा संभव असतो. मांडीच्या मागच्या दोन कंडरा घेतल्या, तर गुडघ्यापुढे दुखणे कमी, पण पाय मागे खेचण्याची ताकद काहीशी कमी होते. वाटीवरच्या जाड कंडरेची पट्टी हा तिसरा मार्ग. घोट्याजवळची कंडरा वापरणारे शल्यवैद्यही आपल्याकडे आहेत. मृत दात्याची कंडरा मिळाली तर स्वतःचे काही कापावे लागत नाही, पण तरुण खेळाडूंत ती अधिक प्रमाणात तुटते. कृत्रिम धाग्यांचा १९८० च्या दशकात मोठा गाजावाजा झाला. ते आत झिजले, त्यांच्या कणांनी गुडघे सुजले आणि उत्साह ओसरला.

सासूबाईंनी एवढे सगळे ऐकून एकच विचारले, "देवापुढे गुडघे टेकता येतील ना? मांडी घालता येईल ना?" खोलीतले सगळे हसले, पण डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "आजी, हा प्रश्न मी प्रत्येक पेशंटला विचारतो." आपण जमिनीवर बसणारी माणसे. शिवाय कबड्डीत पकड करताना गुडघ्यावर पडावे लागतेच. म्हणून मांडीमागच्या कंडरा ठरल्या. वय लहान आणि खेळ वळणांचा, म्हणून डॉक्टरांनी जोडीला मांडीच्या बाहेरच्या बाजूची एक पट्टी आधार म्हणून बसवायचे सुचवले. पंचविशीपर्यंतच्या ६१८ पेशंटांवरचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये आला होता. नुसते लिगामेंट बसवलेल्यांत शंभरातली अकरा पुन्हा तुटली, आणि ही जोडपट्टी घातलेल्यांत चार. हा आकडा ऐकून यांनी मान हलवली.

शस्त्रक्रियेला दोन तास लागले. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला. लहान छिद्रांतून दुर्बीण घातली, कंडरा काढून चौपदरी दुमडली, दोन्ही हाडांत बोगदे पाडून ती ओवली; वर धातूचे बटण, खाली स्क्रू. गादीला दोन टाके घातले. दुसऱ्या दिवशी ती कुबड्यांवर उभी होती. अक्का रसम-भात घेऊन आल्या आणि पाय न्याहाळून म्हणाल्या, "एवढ्याच भोकांतून?" पट्टीवाल्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

आम्हाला वाटले, सुटलो. खरे तर तिथून सुरुवात होती.

पहिले सहा आठवडे घराची मांडणी बदलली. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिचा पलंग पुढच्या खोलीत आला, न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची आली, कमोडला हाताची कठडी आली. गादीला टाके असल्यामुळे पाय काटकोनापलीकडे वाकवायचा नव्हता. दिवसातून पाच वेळा मांडी आवळून धरायची, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सरळ करायचा. एवढेसे काम, पण मांडी अशी वाळली होती, की पहिल्या आठवड्यात स्नायू हलतसुद्धा नव्हता. ती मांडीकडे टक लावून बघत बसायची, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे. त्यात मज्जातंतूंची टोके असतात. गुडघा किती वाकला, कुठे सरकतोय, ही बातमी ती क्षणोक्षणी मेंदूला देतात. लिगामेंट तुटले की ही बातमीही तुटते. नव्या दोरीला हे ज्ञान नसते. म्हणून एका पायावर उभे राहणे, डोळे मिटून तोल सांभाळणे, हलत्या फळीवर उभे राहून चेंडू झेलणे, असल्या व्यायामांनी आजूबाजूच्या स्नायूंना ते नव्याने शिकवावे लागते. सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "म्हणजे अक्कल गुडघ्यातच असते म्हणायची!" त्या दिवसापासून व्यायामाला आमच्या घरी 'अकलेचा तास' हे नाव पडले.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात आली. दुखणे थांबले, सूज गेली, ती भराभर चालू लागली. सँकी तलावाच्या काठाने रोज दोन फेऱ्या घालायची. मैदानावरून मैत्रिणींचे फोन यायचे, आणि ही गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. "मला काहीच होत नाही आता. नुसती हलकी प्रॅक्टिस करते ना!"

आणि नेमका हाच काळ धोक्याचा असतो. आत बसवलेली कंडरा सुरुवातीला रक्तपुरवठ्याविना असते. मग तिच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, कंडरेचे लिगामेंट होऊ लागते. या उलथापालथीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती सर्वांत कच्ची असते. ती पुरती पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते. म्हणजे माणसाला सर्वांत बरे वाटू लागते, तेव्हा दोरी सर्वांत नाजूक असते. आमच्या घरात या गोष्टीवरून जेवढे दरवाजे आपटले गेले, तेवढे शस्त्रक्रियेच्या निर्णयावरूनही आपटले नव्हते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक हिशेब मांडला होता, तो यांनी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवावे, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्मा होत जातो. तिने तो कागद दोनदा फाडला आणि यांनी दोनदा पुन्हा लावला.

त्या दिवसांत तिला आमच्यापेक्षा अधिक धीर ऋषभ पंतने दिला असेल. ३० डिसेंबर २०२२ ला रुरकीजवळ त्याच्या मोटारीला भयंकर अपघात झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत त्याच्या उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचे कित्येक महिने तो इथे, बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत, चालण्यापासून सगळे नव्याने शिकत होता. तेव्हा ही अकादमी चिन्नास्वामी स्टेडियमच्या आवारातच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती शहराबाहेर नव्या जागेत गेली. देशातले उत्तम डॉक्टर, प्रशिक्षक आणि यंत्रे हाताशी असूनही सामन्यात परत यायला त्याला चौदा महिन्यांहून अधिक लागले. २३ मार्च २०२४ ला तो आयपीएलमध्ये पुन्हा खेळला. "त्याला चौदा लागले, तर तुला नऊ जास्त कसे?" या माझ्या प्रश्नावर तिच्याकडे उत्तर नव्हते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चिन्नास्वामीवर न्यूझीलंडविरुद्धची कसोटी होती. पहिला दिवस पावसात गेला. १७ तारखेला यष्टिरक्षण करताना जडेजाचा चेंडू पंतच्या त्याच उजव्या गुडघ्यावर बसला आणि तो मैदान सोडून गेला. लेकीने टीव्ही बंद केला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, स्वतःचाच गुडघा धरून बसली होती. १९ तारखेला तो फलंदाजीला आला आणि ९९ धावा काढून बाद झाला. भारत ती कसोटी हरला. आमच्या घरात मात्र त्या एका न झालेल्या धावेची कुणाला हळहळ वाटली नाही. दुरुस्त केलेला गुडघा काय सोसू शकतो आणि त्याला सावरायला किती दिवस द्यावे लागतात, दोन्ही गोष्टी तिने तीन दिवसांत पाहिल्या. त्यानंतर फ्रिजवरचा कागद फाटला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नऊ महिने भरले. एका पायावर उड्या, दिशा बदलून पळणे, दोन्ही मांड्यांची ताकद, सगळे मोजले. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के हवी होती, तिची ब्याऐंशी भरली. डॉक्टरांनी नाही म्हटले. ती काही बोलली नाही, रिक्षात खिडकीबाहेर बघत बसली, आणि संध्याकाळी न सांगता अकलेच्या तासाला उभी राहिली. मार्चमध्ये ब्याण्णव टक्के भरले.

ती परत खेळली. मोजक्याच सामन्यांत, पण पूर्ण चढाया केल्या. शस्त्रक्रियेनंतर सगळेच पूर्वीच्या जागी पोहोचतात असे नाही. मोठ्या पाहण्यांत साधारण तीनपैकी दोघे आपल्या जुन्या दर्जाचा खेळ खेळू शकतात. पंचविशीच्या आतल्या जे खेळाडू मैदानावर परततात, त्यांच्यातल्या दर चार-पाच जणांमागे एकाला, त्या किंवा दुसऱ्या गुडघ्याला, पुन्हा अशी दुखापत होते. उतारवयात सांधा झिजणार नाही, याची हमीही शस्त्रक्रिया देत नाही. हे सगळे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून आज आम्हाला कुणाबद्दल तक्रार नाही.

अशी वेळ आपल्यापैकी कुणावरही येऊ शकते; खेळणाऱ्या मुलांवर, तशी ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरलेल्या आईवरही. तेव्हा डॉक्टरांना थोड्या गोष्टी जरूर विचाराव्यात. गुडघा खरोखर निसटतोय का? गादी शाबूत आहे का? थोडे दिवस व्यायाम करून पाहण्यात धोका आहे का? दोरी कुठून घेणार आणि तिथे पुढे काय त्रास होईल? बटण-स्क्रूचा खर्च आणि नंतरच्या व्यायामाचा खर्च धरून एकूण आकडा किती? आणि घरातल्यांनी स्वतःला विचारावे, की नऊ महिने रोजचा तासभर कोण सोबत करणार? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर उत्तमातली उत्तम शस्त्रक्रियाही अर्धीच राहते. एकाच वेळी अनेक लिगामेंट तुटली असतील, पाय गार पडला असेल किंवा बधिर झाला असेल, तर मात्र थांबायचे नाही. तडक रुग्णालयात जायचे.

आता लेक रविवारी सकाळी आमच्या भागातल्या शाळकरी मुलींना कबड्डी शिकवते. पहिली पंधरा मिनिटे ती त्यांना मॅटवर येऊच देत नाही. एका पायावर उभ्या राहा, उडी मारून गुडघे वाकवून अलगद उतरा, उतरताना गुडघे आत वळू देऊ नका, असे तिचे चाललेले असते. अशा सरावाने मुलींतल्या या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. मुली कुरकुरतात, त्यांना लगेच खेळायचे असते. ही ओरडते, "आधी अकलेचा तास!"

कन्नड मुली आहेत. त्यांना त्यातला विनोद कळत नाही. पण उड्या मात्र नीट मारतात.